पाडवा ते पाडवा: राजेंद्रनगरातल्या एका घराचं विनाखरेदीचं वर्ष

घर माझंच आहे, तेव्हा हे प्रकरण मी त्रयस्थपणे लिहितेय असं कुणी समजू नये. इंदूरच्या राजेंद्रनगरात आमचं दुमजली घर. वर भाडेकरू, खाली आम्ही पाच जण: सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते), नवरा, मी, अकरावीत गेलेली मुलगी आणि सातवीत गेलेला मुलगा. नवरा पीथमपूरच्या एका कारखान्यात आहे, सकाळी सातला निघतो आणि रात्री आठला येतो. मी एका खासगी कचेरीत हिशोब बघते, दहा ते पाच. या वेळा आत्ताच सांगून ठेवते, पुढे त्या उपयोगी पडणार आहेत.

प्रकरणाचा काळ ३० मार्च २०२५ च्या पाडव्यापासून १९ मार्च २०२६ च्या पाडव्यापर्यंत. या काळात घरात नवी वस्तू विकत आणायची नाही असं ठरलं होतं.

निमित्त झालं माळ्याचं. फेब्रुवारीत घराचं रंगकाम काढलं, त्यासाठी माळा रिकामा केला. खाली काय काय उतरलं? पेटीतून कधी बाहेरच न आलेले तीन लेमन सेट. मिक्सरची पाच भांडी, आणि त्यांतल्या एकाचाही मिक्सर घरात नाही. पाण्याच्या चौदा बाटल्या, त्यांना झाकणं नऊ. सगळं अंगणात मांडल्यावर समोरच्या काकूंनी विचारलं, "दुकान काढताय का?"

आमचं शहर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येतंय, जुलै २०२५ मध्ये आठव्यांदा मान मिळाला. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा असे सहा प्रकार इथं शाळकरी पोरगंही बोटांवर मोजून दाखवतं. ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करणारा रोजच्या ५५० टनांचा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ पासून चालू आहे. म्हणजे टाकायचं कसं, ते इंदूरनं आम्हाला उत्तम शिकवलं. घरात किती आणायचं, हा धडा मात्र कचरागाडीच्या भोंग्यातून कधी ऐकू आला नाही.

कल्पना नवऱ्याची. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमधल्या काही मित्रांनी २००६ च्या सुमारास वर्षभर नवं काही घ्यायचं नाही असा करार केला होता. १६२० साली मेफ्लॉवर जहाजावरच्या लोकांनी केलेल्या करारावरून त्यांनी त्याला 'द कॉम्पॅक्ट' हे नाव दिलं. नवऱ्यानं ते कुठंतरी वाचलं आणि जेवताना सांगितलं. आई वरणावर तूप वाढत होत्या. म्हणाल्या, "हे व्रत आहे की उपास, ते आधी ठरवा. व्रताचं उद्यापन होतं. उपास असेल तर दुसऱ्या दिवशी पारणं, आणि पारण्याला माणूस दुप्पट जेवतो."

नियम कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहिले. खाणंपिणं, औषधं, साबण, वह्या, आतले कपडे, मुलांची पादत्राणं आणि कुकरची रिंग यांना सूट. गॅसच्या नळीलाही सूट, कारण तिच्यावर मुदत छापलेली असते आणि ती पाळायची असते. बाकी काहीही लागलं तर आधी दुरुस्ती, मग उसनं, मग जुनं विकत. यांतलं काहीच जमलं नाही तर पाचही जणांनी मिळून ठरवायचं.

पहिली ठेच एप्रिलमध्येच लागली. मुलीची अकरावीची पुस्तकं खजूरी बाजारात निम्म्याहून कमी किमतीत मिळाली, समासात कुणाच्या तरी सुंदर अक्षरातल्या टिपांसकट. मुलासाठी त्याच दुकानात विचारलं तर दुकानदार हसला. एनसीईआरटीनं २०२५ च्या सत्रात चौथी, पाचवी, सातवी आणि आठवीची पुस्तकं बदलली होती. गेल्या वर्षीचं सातवीचं पुस्तक म्हणजे रद्दी. नवीच घेतली, इलाज नव्हता. पण मुलाच्या डोक्यात त्या दिवशी जे बसलं ते बसलंच: ताईला सगळं जुनं चालतं, आपण स्पेशल.

दप्तराची चेन

जुलैत मुलाच्या दप्तराची चेन गेली. दात शाबूत होते, पण रनर सैल पडला होता. तो पुढं सरकायचा आणि मागं चेन तशीच उघडी. एरवी मी त्याच संध्याकाळी फोनवर नवं दप्तर मागवलं असतं, सातआठशे रुपये, दोन दिवसांत दारात. आता दप्तर स्कूटीच्या पुढ्यात ठेवून राजवाड्यामागच्या गल्लीत बॅगवाल्याकडे गेले. कचेरीतून परस्पर, वाटेत पाऊस. दुकान बंद. शेजारचा चहावाला म्हणाला, "मंगल को बंद रहता है, दीदी."

दुसऱ्या वेळी मुलाला सोबत नेलं. बॅगवाल्यानं दप्तर मांडीवर घेतलं, चेनवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "आठ नंबर है. मेरे पास पाँच का पड़ा है. परसों आना." चेनलाही नंबर असतो हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

तिसऱ्या वेळचं मात्र बघण्यासारखं होतं. त्यानं चेनच्या टोकाची शिवण ब्लेडनं उसवली, पकडीनं जुना रनर चिरडून काढला, नवा दातांवर चढवला, दोन्ही बाजू समान आहेत ना ते डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि टोक हातानंच टाचलं. मग खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढून चेनवरून वरखाली घासला. रनर लोण्यात सुरी जावी तसा गेला. पाच मिनिटं, तीस रुपये. मुलगा इतका रंगून गेला होता की परत येताना रस्ताभर मला मेणानं काय होतं तेच समजावत होता.

ही गोष्ट मी सगळ्यांना हौसेनं सांगत असे. नवराही सांगायचा, "तीस रुपयांत काम झालं!" एकदा कचेरीत एका मैत्रिणीला सांगितली, तर तिनं एवढंच विचारलं, "आणि तीन चकरा कुणाच्या?"

दिवाळीच्या आधी मी पेशाला जागून बसले आणि वर्षाचा अर्धा हिशोब केला. दुरुस्तीचे पैसे बहुतेक यूपीआयनंच दिले होते, त्यामुळे कोणत्या फोनवरून, किती वाजता, कुणाला, सगळी नोंद तयारच होती. तेवीस व्यवहार. सतरा माझ्या फोनवरून, चार मुलीच्या, दोन नवऱ्याच्या. त्या दोनांतलाही एक त्याच्या कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या चांभाराचा, जाता जाता दिलेला. माझ्या सतरांतले बहुतेक साडेपाच ते साडेसात या वेळेतले, म्हणजे कुकर लावायच्या वेळचे. व्यवहार न झालेल्या चकरा, म्हणजे मंगळवार आणि पाच नंबरचा रनर, या यादीत नाहीतच. आईंनी घरी केलेलं रफू, उसवलेल्या बाह्या, चार जुन्या सुती साड्यांची गोधडी हेही नाही. आईंना कुणी यूपीआयनं पैसे देत नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे. वस्तू घ्यायची नाही म्हटलं की तिची किंमत वेळात मोजावी लागते, आणि तो वेळ घरातल्या सगळ्यांच्या खिशातून सारखा जात नाही. करार पाच जणांनी केला, हप्ते दोघींनी भरले.

मी कागद नवऱ्यापुढे ठेवला. त्यानं तो दोनदा वाचला, वाद घातला नाही, आणि दिवाळीपासून दुरुस्ती खातं आपल्याकडे घेतलं. त्यानंतरच्या तीन महिन्यांत इस्त्री आणि मुलीची अभ्यासाची खुर्ची या दोन वस्तू 'दुरुस्त होण्यासारख्या नाहीत' असं जाहीर झालं. इस्त्रीची फक्त वायर मुडपून तुटली होती. मीच कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडे टाकली. अठरावा व्यवहार.

फ्रिज

हा भाग लिहायला मला आवडत नाही, पण त्याशिवाय प्रकरण अपुरं राहील.

आमचा २००९ चा फ्रिज मे महिन्याच्या शेवटी बसला. नियमाप्रमाणे जुना शोधला. जुन्या उपकरणांच्या एका दुकानात तीनशे लिटरचा सात हजारांत मिळाला, वर वीजबचतीचे पाच तारे चिकटवलेले, सहा महिन्यांची गॅरंटी तोंडी. आम्ही खूश. जुलैचं वीजबिल आलं तेव्हा वाटलं, पावसाळी उकाड्यानं पंखे जास्त चालले असतील. मुलीला ते पटेना. तिनं एका रविवारी सगळ्यांना दटावून बाकीची उपकरणं कमीत कमी वापरायला लावली आणि सकाळ ते दुसरी सकाळ मीटर वाचलं. एकट्या फ्रिजच्या वाट्याला साडेतीनच्या आसपास युनिटं येत होती. आजच्या साध्या नव्या फ्रिजच्या लेबलावर वर्षाला दोनशेच्या आगेमागे युनिटं लिहिलेली असतात. आमचा या चालीनं बाराशेच्या वर जाणार होता.

मग दार बंद करताना मध्ये कागदाची पट्टी धरून ओढून पाहिली. घट्ट बसायला हवी ती सरळ हातात आली. रबर गेलेलं. दुकानदार म्हणाला, गॅरंटी कंप्रेसरची आहे, रबराची नाही. रबर पदरमोड करून बदललं, फरक थोडाच पडला. आणि ते पाच तारे? तारे देण्याचे निकष सरकार अधूनमधून कडक करतं, फ्रिजचे जानेवारी २०२३ मध्ये केले. जुन्या कोष्टकातले पाच तारे म्हणजे जुन्या, सोप्या पेपरातले पंच्याऐंशी टक्के.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात तोही बंद पडला. नेमकी १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार अशी घोषणा झालेली. नवरा म्हणाला, नवा घ्यायचाच असेल तर थोडं थांबू. थांबलो. माठ, दिवसातून दोनदा दूध, उरलेल्या भाजीचं रोज थालीपीठ. ३ सप्टेंबरला यादी आली. एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर. फ्रिज त्यात नव्हता, कारण तो २०१८ पासूनच १८ टक्क्यांत होता. आई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

पाच जणांची बैठक झाली आणि साडेअठ्ठावीस हजारांचा नवा फ्रिज आला. नियम मोडला का? मोडला. मला त्याचं वाईट वाटत नाही. सतत वीज खाणाऱ्या वस्तूच्या बाबतीत जुनं ते सोनं हा हट्ट महागात पडतो. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. बंद पडलेला फ्रिज आम्ही अटालेवाल्याला (भंगारवाल्याला इकडे अटालेवाला म्हणतात) बाराशेला दिला. त्यानं दारातच तांब्याची नळी कट्कन कापली आणि आत जो काही गॅस उरला होता तो फुस्स करून निघून गेला. तसल्या जुन्या फ्रिजमध्ये सहसा असणारा गॅस हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त जोरकस असतो. ई-कचरा वेगळा द्यायचा, हे सहा प्रकार बोटांवर मोजणाऱ्या आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. बाराशे रुपये समोर दिसत होते.

धनत्रयोदशी आणि वाण

१८ ऑक्टोबरला धनत्रयोदशी. या दिवशी घरात धातू यायला हवा, निदान एक चमचा तरी. आई त्याबाबतीत ऐकणाऱ्यांतल्या नाहीत आणि मीही त्यांना ऐकवणाऱ्यांतली नाही. तोडगा त्यांनीच काढला. माळ्यावरून दोन पितळी पातेली आणि एक तपेलं उतरलं होतं, तपेल्याच्या काठावर आईंच्या सासूबाईंचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. आतली कल्हई पार उडालेली. बर्तन बाजारात तीन दुकानांत विचारल्यावर एका कल्हईवाल्याचा फोन नंबर मिळाला.

तो आला, अंगणात खळगा करून कोळसे पेटवले, हातानं फिरवायचा भाता लावला. पातेलं तापून रंग बदलायला लागलं की त्यावर नवसागराची चिमूट. पांढरा धूर उठला, नाकात झोंबला, आणि धुरातच त्यानं कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं फिरवली. काळपट पितळेवर चांदीची लाट गेल्यासारखी दिसली. वरच्या भाडेकरूंची दोन्ही पोरं जिन्यात येऊन बसली होती. त्यांनी असं काही कधी पाहिलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही आठवणीत फक्त तो वास होता.

आई म्हणाल्या, "कथील धातूच ना? नवं कथील घरात आलं. झाली धनत्रयोदशी." मुलीनं लगेच हरकत घेतली, मग हे नवी वस्तू घेतल्यात धरायचं का? यावर फराळ तळताना दोन तास वाद झाला. निकाल लागला नाही. त्या पातेल्यात केलेला चिवडा मात्र संपला.

दिवाळीला नवे कपडे नव्हते, पण मला वाटलं होतं तेवढं त्याचं मुलांना काही वाटलं नाही. डिसेंबरात नागपूरच्या लग्नात मी नणंदेची पैठणी नेसले आणि आहेरात घरातली पितळी समई लखलखीत करून दिली. नवरीच्या आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरलेले नाही. जाऊबाईंनी मागाहून फोनवर सांगितलंच, "लोक म्हणत होते, इंदूरकरांना काही अडचण आहे का?" न घेणं आपल्या घरात शोभतं. दुसऱ्याला देताना तोच कंजूषपणा दिसतो, आणि मला वाटतं त्यात त्यांची फार चूक नाही. समईबरोबर पाकीटही द्यायला हवं होतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणूनच जास्त विचार करून केलं. वाण लुटायचं तर एरवी प्लास्टिकचे डबे नाहीतर गाळण्या, पंचवीसतीस एकसारख्या, ज्या पुढच्या वर्षी कुणाच्या तरी माळ्यावर जातात. यंदा मी कॉलनीत निरोप दिला, येताना विळी, सुरी, कात्री आणा. दारात सायकलवरचा धारवाला तीन तासांसाठी ठरवून ठेवला होता. आत तिळगूळ, हळदीकुंकू, ओटी. बाहेर सायकलचं पॅडल, दगडावर ठिणग्या, आणि पदर सावरत विळ्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांची रांग. एक काकू रागावल्या: "सवाष्णीला वाणात धार देतात का गं?" त्यांना आईंनी गुळाची ढेप दिली, खायच्या वस्तूला सूट होतीच. पण जाताना त्यांनीही पिशवीतून अडकित्ता काढून धारवाल्यापुढे धरला.

ओटीच्या ब्लाउजपिसांचं तर संशोधनच झालं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला घरातलीच जुनी पिसं दिली होती, तेव्हा मुलीनं एका जांभळ्या पिसाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची बारीक गाठ मारून ठेवली. मार्गशीर्षात ते पीस माझ्याच ओटीत परत आलं, घडीसुद्धा न मोडता. मधल्या आठ महिन्यांत ते किती घरं फिरलं, की एकाच कपाटात झोपून होतं, कळायला मार्ग नाही. एवढं कळलं की विनाखरेदीचा हा करार आपल्या बायका कितीतरी वर्षं पाळतायत, कुणी त्याला नाव दिलं नव्हतं इतकंच.

एक गोष्ट जमली नाही. मे २०२३ मध्ये सरकारी मोहिमेत शहरोशहरी वस्तू देण्याघेण्याची 'थ्री आर' (रिड्यूस, रियूज, रिसायकल) केंद्रं उघडली. माळ्यावरचे लेमन सेट आणि बाटल्या आम्ही अशाच एका केंद्रावर दिल्या. देताना सगळे अगदी ताठ होतो. तिथंच मुलीला प्रयोगशाळेचा पांढरा एप्रन दिसला, तिच्याच मापाचा. तिनं तो उचलला तर नवरा हळूच म्हणाला, "राहू दे, दुसऱ्या कुणाला गरज असेल." मुलीनं ऐकलं नाही, एप्रन आणला आणि वर्षभर वापरला. पण तिचा बाप गाडीत जाऊन बसला होता. देण्यात अभिमान, घेण्यात लाज. हे वर्षभरात बदललं नाही, आणि त्याच्यावर हसणारी मीही आत जाऊन स्वतःसाठी काही उचललं नव्हतं.

हिशोब

आधीच्या वर्षी याच प्रकारच्या वस्तूंवर आमचे एक लाख चौदा हजार गेले होते. यंदा जुन्या वस्तूंवर नऊ हजार चारशे (त्यात सात हजार त्या फ्रिजचे पाण्यात), दुरुस्तीवर सहा हजार आठशे पन्नास आणि नव्या फ्रिजचे साडेअठ्ठावीस हजार. एकूण पावणेपंचेचाळीस हजार. सूट दिलेल्या वस्तू दोन्हीकडून वगळल्या आहेत. तासांचा रकाना मी मुद्दाम कोरा ठेवलाय. मागाहून अंदाजानं भरलेला आकडा मला कचेरीतही चालत नाही.

पाडव्याला गुढी उतरवल्यावर आईंनी विचारलं, "मग, उद्यापन की पारणं?" नवरा म्हणाला, उद्यापन. मुलगा म्हणाला, पारणं, आणि फुटबॉल मागितला. फुटबॉल आणला. खुर्चीही आणली, जुनीच. बाकी काय घ्यायचं ते ठरलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात दप्तराचा तो रनर पुन्हा सैल झाला. नवरा म्हणाला, मी नेतो, परवा कारखान्यातून लवकर निघणार आहे. दप्तर रिकामं करून त्यानं पिशवीत घातलं, दाराजवळ ठेवलं, तारखेला फोनमध्ये गजर लावला. मुलगा जेवता जेवता फोनकडे बघत म्हणाला, "बाबा, परवा मंगळवार आहे."